शेपटाकडून वाचलेला आकडा

बकरी ईदच्या आदल्या सकाळी मी आमच्या घरातला सगळ्यांत लाडका जीव स्वतःच्या हातानं टेम्पोत चढवला आणि टेम्पोवाल्याला वर चहाही पाजला.

त्या जीवाचं नाव सुभेदार. सुभेदार हा मेंढा होता, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचक भलत्याच काळजीत पडायचे. काळजी करायची होती ती माझ्या थोरल्या बहिणीनं, म्हणजे शांताक्कानं. आणि तिनं ती पुढं पोटभर केली.

आमचं गाव बिदरकडचं, ठाणाकुशनूरच्या थोडं पुढं. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आता बाकीचे शेतीत पडले आणि मी शाळेत मास्तर झालो, (दोन्हीत उत्पन्न सारखंच अनिश्चित, पण मास्तरला इस्त्रीचा शर्ट घालता येतो!) तरी अक्कानं मेंढरं काही सोडली नाहीत. तिला दिलंय गावातच, दोन गल्ल्या सोडून. पण मेंढरांचा वाडगा अजून आमच्या परड्यातच आहे, त्यामुळं अक्काचा मुक्काम दिवसभर आमच्याकडे असतो. सुभेदार जन्मला त्याच रात्री त्याची आई मेली. अक्कानं त्याला बाटलीनं दूध पाजलं, थंडीत स्वतःच्या घोंगड्यात घेतलं आणि माझ्या पोरांना कधी मिळाली नाही इतकी शेंगदाण्याची पेंड चारली. तो मोठा होऊन असा भरला की कळपातली निम्मी कोकरं त्याच्याच तोंडवळ्याची. वाडग्यापाशी येऊन अक्कानं नुसतं "सुभेदाऽर" म्हटलं की तो कुठंही असला तरी "ब्या" करून ओ द्यायचा. मी हाक मारली तर तो ढुशी द्यायचा.

ईदेच्या दोन-तीन महिने आधी बिदरचे रसूलचाचा आमच्या वाडग्यावर येतात. हे मेंढ्यांचे व्यापारी, अक्काचे जुने गिऱ्हाईक आणि घरोब्यातले. गिऱ्हाइकं घेऊन येतात, गिऱ्हाईक मेंढा पसंत करतं, चाचा हिरव्या रंगात ब्रश बुडवून मेंढ्याच्या डाव्या कुशीवर आकडा घालतात आणि मेंढा ईदेपर्यंत आमच्याकडेच चरतो. आकडा उर्दूत. का, तर म्हणे चोराला वाचता येऊ नये. (चोराला मेंढा न्यायचा असतो, वाचायचा नसतो, हे चाचांना कोण सांगणार?) आणि चाचांच्या हातात एकदा ब्रश आला की ते सहजी थांबत नाहीत. विकायचे मेंढे संपले तरी आकडे चालूच. त्या साली त्यांनी सुभेदारालाही आकडा घातला. अक्का म्हणाली, "घाला, घाला. पन ह्यो इकायचा न्हाई, ध्यानात ठिवा." हा सोहळा झाला तेव्हा मी शाळेत होतो. सगळ्या अनर्थाचं मूळ हेच, असं मी आजही घरात सांगतो. कुणी ऐकत नाही.

आता माझ्या उर्दूबद्दल. आमच्या भागात प्रत्येकाला तीन भाषा येतात आणि चौथी येते असं वाटतं. मला वाटत होती ती उर्दू. बोलायला येतेच, म्हटलं लिहा-वाचायलाही शिकू. मोबाईलवर एक बाई फार गोड उर्दू शिकवायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं की उर्दू उजवीकडून डावीकडे वाचायची, आणि हा एक नियम मी असा घट्ट धरला की विचारू नका. आकड्यांची ओळखही मला झाली होती. एक म्हणजे उभी काठी. दोन म्हणजे काठीला एक शिंग. तीन म्हणजे काठीला दोन शिंगं. मेंढरांच्या घरात जन्मलेल्याला यापेक्षा सोपं काय असणार! त्यापुढं माझा डेटा संपला आणि शिक्षणही तिथंच थांबलं.

खरं तर मला एकदा सावध व्हायची संधी मिळाली होती. चाचांना मी मोबाईलवर उर्दूत निरोप लिहीत होतो. अक्षरं शहाण्यासारखी उजवीकडून डावीकडे चालली होती. मध्येच तारीख घालायला गेलो, तर आकडे उलटे फिरून डावीकडून उजवीकडे धावायला लागले! कर्सर करडासारखा इकडून तिकडे उड्या मारायला लागला. मी फोन घेऊन औरादला दुरुस्तीवाल्याकडे गेलो. तो बघून म्हणाला, "मास्तर, फोनला कायबी झालेलं न्हाई." मी मनात म्हटलं, याला उर्दू येत नाही, हा काय दुरुस्त करणार. फोन तसाच खिशात घालून परत आलो.

असा मी उर्दूत पारंगत झालेलो असताना अक्काला निंबर्ग्याला जावं लागलं. तिच्या लेकीच्या बाळाचं बारसं होतं. ईद तोंडावर आलेली, चाचांचे टेम्पो येऊन एकेक मेंढा नेत होते, पण आजीशिवाय बारसं कसं होणार? अक्कानं वाडगा माझ्यावर सोपवला.

"बापू, चाच्याचा फोन आला की त्येनी सांगितलेला मेंढा द्यायचा. आनि सुभेदाराला सांजचं पेंड द्यायची. इसरशील न्हव?"

"अक्का, मी चाळीस पोरं सांभाळतो."

"पोरं घरला जात्यात. मेंढरं इतंच ऱ्हात्यात. म्हून मनायलेय."

जाण्याआधी तिनं आणखी एक काम उरकलं होतं. उन्हाळा म्हणून, कुशीवरच्या आकड्याची जागा तेवढी राखून, सगळ्या मेंढरांची लोकर कातरली. कातरताना सुभेदाराच्या गळ्यातली घंटा काढली, ती पट्टा शिवायला चांभाराकडे गेली. लोकर गेल्यावर सगळे मेंढे सारखेच दिसायला लागले. निदान मला तरी. मास्तरला गणवेशातली पोरं सारखी दिसतात, तसंच हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांचा फोन. मागं नुसता कालवा, बाजारात उभे असणार.

"मास्टर! टेम्पो आरा. बारा नंबर देव. जनवाडे कू जाना है, मकबूलसाब का घर, मकान नंबर तेरा. टेम्पोवाला नवा है, उसकू बराबर बोलो. अब मेरा फोन बंद होरा, चार्ज नई." आणि झाला बंद.

मी वाडग्यात शिरलो. माझ्यामागं माझी बायको सुनंदा, हातात पाण्याची बादली घेऊन. दहाबारा मेंढ्यांच्या कुशी पाहिल्या. एकावर काठी आणि शिंगवाली काठी: एक-दोन. दुसऱ्यावर शिंगवाली काठी आणि मग साधी काठी: दोन-एक. एखादा सामान्य माणूस पहिल्याला बारा म्हणून मोकळा झाला असता! मी तसा फसणारा नव्हतो. मी दुसऱ्याच्या कुशीवर बोट ठेवलं, उजव्या टोकाला, आणि तिथून डावीकडे सरकवलं.

"एक... दोन. बारा. हा घ्या बारा नंबर!"

सुनंदानं बादली खाली ठेवली. "अवो, मला तर ह्यो सुभेदार दिसायलाय."

"दिसण्यावर जाऊ नको. आकडा काय सांगतोय?"

"आकडा दोनावर एक हाय. एकवीस."

"ते तुझ्या-माझ्या मराठीत. हे उर्दू आहे. उर्दू उजवीकडून वाचतात."

सुनंदानं मेंढ्याकडे पाहिलं. त्याचं तोंड डावीकडे होतं. तिनं माझ्या बोटाकडे पाहिलं. ते मेंढ्याच्या मागल्या बाजूनं निघालेलं होतं.

"मंजे तुमी शेपटाकडून वाचायलाव?"

"वाचन शास्त्रशुद्ध आहे."

"अक्काला इचारा की एक फोन लावून."

"बारशात आहे ती. कुठं त्रास द्यायचा? आणि तिला उर्दू कुठं येते!"

"सुभेदार तर येतो न्हव?"

यावर मी आवाज चढवला. नवरा म्हणून आणि मास्तर म्हणून, दोन्ही धंद्यांत हे चालतं.

टेम्पो आला. मेंढा काही केल्या जागचा हलेना. मी पुढून ओढला, टेम्पोवाल्यानं मागून ढकलला. मेंढ्यानं चारी पाय रोवले, माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि अशी ढुशी दिली की मी सरळ पाण्याच्या कुंडीत बसलो! कमरेपर्यंत पाण्यात बसूनही मला शंका आली नाही. उलट वाटलं, बघा, जनावराला कळतं आपल्याला कुठं नेतायत, जीव लावलेला असतो ना बिचाऱ्यानं आपल्यावर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुनंदा म्हणते ते कुंडीतलं होतं.

दुपारी अक्का परतली. हातात बारशाच्या घुगऱ्यांची पिशवी, तोंडावर हसू. चप्पल काढायच्या आधी वाडग्याकडे वळून तिनं हाक दिली, "सुभेदाऽऽर!"

काही नाही.

"सुभेदार, आरं झोपलास का काय?"

वाडग्याच्या कोपऱ्यात एक मेंढा सुभेदाराच्या पाटीत तोंड घालून सुभेदाराची पेंड खात होता. त्यानं वर पाहिलं, अक्काला ओळख दिली नाही आणि परत पेंड खायला लागला. अक्का जवळ गेली. त्याच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं.

"बापू. ह्यो तर बारा नंबर हाय. सुभेदार कुटाय?"

"अक्का, तो एकवीस आहे. उजवीकडून..."

"कुटाय सुभेदार?"

"बारा नंबर मी सकाळीच पाठवला. जनवाड्याला."

घुगऱ्यांची पिशवी खाली पडली. हरभरे सगळ्या परड्यात उधळले आणि मेंढरं त्यावर तुटून पडली. अक्का मात्र जागच्या जागी उभी राहिली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती म्हणाली, "उद्या सकाळी ईद हाय, बापू." आणि खाली बसली.

मेंढरं विकणाऱ्या घरात आम्ही वाढलो, अक्कानं आजवर शेकडो मेंढे कोरड्या डोळ्यानं दिले असतील. पण सुभेदार विकायचा नव्हताच कधी. तो तिच्या घोंगड्यात वाढलेला होता. तिला तसं बसलेलं पाहून मला स्वतःची इतकी लाज वाटली, की उर्दूचं सगळं ज्ञान क्षणभर विसरायला झालं. (क्षणभरच. ते पुढं कळेलच.)

चाचांना फोन लावला. बंद. टेम्पोवाल्याचा नंबर? घेतलाच नव्हता. सुनंदानं मोटारसायकलची किल्ली आणून माझ्या हातात दिली. अक्का उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "बारा नंबर बी घे संगं. मानसाला त्येचा मेंढा द्यावं लागंल. मोकळ्या हातानं कसं जायाचं?"

"मोटारसायकलवर?"

"मंग काय, इमानात बसवायलास?"

अशी आमची वरात निघाली. पुढं मी, मध्ये बारा नंबरचा मेंढा आडवा, मागं अक्का त्याला कवेत धरून. मेंढ्याचं तोंड माझ्या डाव्या काखेतून बाहेर आलं आणि सगळ्या रस्त्यानं तो माझ्या शर्टाची बटणं चघळत होता. रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. एका चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, "मास्तर, ट्रिपल शीट!" अक्का मागून ओरडली, "चवथं शानपन हाय ह्येच्या डोस्क्यात, त्ये मोजलं न्हाईस!"

जनवाडा आलं. मकबूलसाबच्या मोहल्ल्यात शिरलो. ईदेची गडबड चाललेली. दारांना नवा रंग, गल्लीभर पोरं, प्रत्येक दारापुढं बांधलेला एकेक मेंढा किंवा बोकड, त्यांच्या शिंगांना फिती. आणि दारांवर, कुणा हौशी पेंटरनं रंगवलेले घरनंबर. उर्दूत!

"थांब अक्का," मी म्हणालो. "इथं माझं काम आहे."

एका दारावर काठीला दोन शिंगं आणि मग साधी काठी. तीन-एक. मी उजवीकडून बोट फिरवलं. एक, तीन. तेरा! मकान नंबर तेरा! अजूनही मी उजवीकडूनच वाचत होतो, हे सुज्ञांच्या लक्षात आलं असेल. माझं म्हणणं असं होतं की चूक चाचांच्या ब्रशाची झाली, माझ्या वाचनाची नाही.

मी दाराची कडी वाजवतोय तोवर घरातली पाचसहा पोरं बाहेर आली. त्यांनी मेंढा पाहिला आणि एकच गलका केला.

"आ गया! आ गया! हमारा आ गया!"

काही बोलायच्या आत मेंढा मोटारसायकलवरून उतरला, अंगणात गेला, त्याच्या शिंगाला लाल फीत आली, तोंडापुढं हिरवा पाला आला आणि एका चिमुकलीनं त्याचं नाव बादशाह ठेवलं. सगळं पाण्याच्या घोटाइतक्या वेळात. अक्का आत डोकावून आली.

"सुभेदार इतं न्हाई."

"मग?"

"मंग काय? सकाळी एक घालवलास, आता दुसरा बी घालवलास!"

एवढ्यात आतून घरच्या मालकीणबाई आल्या. पांढरे केस, जाड चष्मा, आवाज असा की पोरं चिडीचूप झाली. सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणत होते. त्या उर्दू शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, हे पुढं कळलं. आवाजावरून आधीच ओळखायला हवं होतं.

"हमारा मेंढा तो शाम कू आनेवाला है. ये किसका लाए?"

"मकबूलसाबचा. मकान नंबर तेरा."

"तेरा? ये तो इकत्तीस है बाबा."

मी हसलो. एका शिक्षकानं दुसऱ्या शिक्षकाची चूक दुरुस्त करताना जसं नम्रपणे हसावं, तसं. "खालाजी, उर्दू उजवीकडून वाचतात ना? एक... तीन. तेरा."

खालांनी माझ्याकडे पाहिलं. मग अक्काकडे पाहिलं. अक्कानं कपाळाला हात लावला. खालांच्या दुपट्ट्याची दोन टोकं हलायला लागली आणि मग त्या अशा हसल्या की शेजारच्या घरातली माणसं बाहेर आली!

"हर्फ, बोले तो अक्षर, सीधे हाथ की तरफ से, बाबा. गिनती बायें हाथ की तरफ से. तुमारे माफिकच. लिखते लिखते गिनती आई तो हाथ कूद के उधर जाता, गिनती लिखता, फिर अपने रस्ते लगता."

करडासारख्या उड्या मारणारा मोबाईलमधला कर्सर माझ्या डोळ्यांपुढं आला. दुरुस्तीवाल्याची मी मनातल्या मनात क्षमा मागितली. पण तोंडानं हार मानेन तर मी मास्तर कसला? म्हणालो, "पण नियम म्हणजे नियम. उजवीकडून वाचायचं म्हटल्यावर..."

"अच्छा, उधर सेच पढो!" खाला आता शाळेत गेल्या. त्यांनी मला दारापुढं उभं केलं. मागं सगळी पोरं. "पहले क्या आया?"

"एक."

"बाद में?"

"तीन."

"वो तीन दहाई के घर में है. बोले तो तीस. इक... तीस. मिला के क्या हुआ?"

मी बोटं मोजायला लागलो.

"मराठी में क्या बोलते तुमलोगां? एकतीस! पहले एक बोलते, बाद में तीस. इधर से पढे तो इकत्तीस, उधर से पढे तो इकत्तीस. तेरा किदर से लाए?"

पोरं ओरडली, "किदर से लाएऽऽ?" एकवीस म्हणताना आपण आधी एक म्हणतो आणि मग वीस, हे मी पंधरा वर्षं पोरांना शिकवतोय. म्हणजे सुभेदाराचा आकडा मी तोंडाकडून वाचला असता तरी एकवीस, आणि शेपटाकडून नीट वाचला असता तरी एकवीसच! चूक करायला मार्गच नव्हता, तो मी शोधून काढला होता.

"बसा वर्गात," अक्का मागून म्हणाली. "आता तरी तेरा नंबर दावा कुनी."

खालांनी पोरं संगं दिली. बादशाहाची फीत सोडवताना चिमुकलीनं भोकाड पसरलं, तिला 'तुमचा शाम कू आनेवाला है' असं समजवावं लागलं. मग निघालो: पुढं पोरं, मागं बारा नंबर, त्यामागं खाला, सगळ्यांत शेवटी मी, खाली मान घालून. तेरा नंबरच्या दारापाशी पोहोचायच्या आधीच आतून भांडी पडल्याचा आवाज आला.

दार उघडंच होतं. अंगणात मधोमध बाजेवर एक मेंढा उभा होता. बाजेभोवती ईदेचे नवे कपडे पसरलेले, त्यातल्या एका कुर्त्याची बाही त्याच्या तोंडातून लोंबत होती. भिंतीवर, दोन्ही पाय वर घेऊन, एक जाडजूड गृहस्थ बसले होते. ते मकबूलसाब.

"कौन हो भाई? अंदर आव नक्को! ये मेंढा नई, थानेदार है! सुबे से मेरेकू नीचे उतरने नई देरा!"

अक्कानं दारातूनच हाक दिली. फार हळू. "सुभेदार."

बाहीसकट "ब्या" आली. त्यानं बाजेवरून उडी मारली, मला वाटेत एक ढुशी दिली, (गर्दीतही त्यानं मला बरोबर शोधून काढलं!) आणि जाऊन अक्काच्या पोटाला डोकं लावून उभा राहिला. अक्का त्याच्या कातरलेल्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "आरं माज्या वासरा, माज्या सोन्या," एवढंच म्हणत होती आणि तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. मीही तोंड फिरवून डोळे पुसले, आणि या वेळी जवळपास कुंडी नव्हती.

मकबूलसाब भिंतीवरून उतरले. त्यांना सगळा प्रकार कळला तेव्हा त्यांनी आधी कुर्त्याची उरलेली बाही पाहिली, मग अक्काकडे पाहिलं.

"अक्का, ले जाव तुमारे बच्चे कू. हमारी नीयत तो बारा नंबर पेच थी. वोच मिल गया, अच्छा हुआ." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "और मास्टर, इनकू जल्दी ले जाव. मेरेकू घर में जाना है."

अक्कानं बारा नंबरच्याही डोक्यावरून हात फिरवला, त्याचं दावं मकबूलसाबच्या हातात दिलं आणि कुर्त्याच्या बाहीबद्दल माफी मागितली. त्यांनी ती हसण्यावारी नेली. खालांनी आम्हाला चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही. येताना मोटारसायकलवर मध्ये सुभेदार होता. बटणं चघळण्याचा सभ्यपणा त्याच्यात नव्हता. तो मागून माझ्या मानेत शिंग खुपसून गाडी चालवून घेत होता. अक्का मागं बसून बारशातली गाणी म्हणत होती, मोठ्यानं, जनवाड्यापासून थेट गावापर्यंत.

घरी आल्यावर सुनंदानं सुभेदाराला ओवाळलं. मला पाणीही विचारलं नाही.

ईद झाली. दोन दिवसांनी रसूलचाचा आले, मकबूलसाबनी पाठवलेला डबा घेऊन. एव्हाना ही गोष्ट बिदरच्या बाजारात पोहोचली होती आणि चाचांनी तिच्यात स्वतःचीही भर घातली होती. त्यांच्या गोष्टीत मी मेंढ्याला आरशात धरून वाचलं होतं! अक्कानं त्यांना सुभेदाराचा पुसट झालेला आकडा परत गडद करायला सांगितला. चाचांनी रंग कालवला, सुभेदाराची कुशी रंगवली, आणि हातात ब्रश शिल्लक होता. मी तिथंच पाठमोरा बसून मेंढरांना पाला टाकत होतो. अक्का आणि चाचांचं काहीतरी कुजबुजणं झालं. पाठीवर गार लागलं. वळून पाहिलं तर माझ्या बनियनवर, मधोमध, हिरव्या रंगाचा एक गोल ठिपका.

"हे काय?"

"ऱ्हाऊ दे बापू," अक्का एकदम मायेनं म्हणाली. "तुज्यासाटीच हाय."

एवढं सगळं होऊनही थोरल्या बहिणीनं मला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावली होती! ती पुसायचं माझ्या जिवावर आलं. तशाच बनियनवर मी पाण्याला गेलो, दुकानाला गेलो, पारावर तासभर बसलो, आणि जो भेटेल त्याला वळून पाठ दाखवली. "अक्कानं लावलीय," असंही सांगितलं. लोक फार कौतुकानं हसत होते. उर्दू शिकलेले जरा जास्तच.

संध्याकाळी चाचा निघाले तेव्हा त्यांना माझी दया आली असावी. टेम्पोत बसता बसता म्हणाले, "मास्टर, एक बात बोलूं? वो तीट नई है. हमारी गिनती में सिफर ऐसाच लिखते. बस एक नुक्ता."

नुक्ता म्हणजे ठिपका, आणि सिफर म्हणजे शून्य. मी शून्य पाठीवर घेऊन गावभर फिरलो होतो, आणि हा एवढा एकच उर्दू आकडा असा आहे की तो तोंडाकडून वाचा, शेपटाकडून वाचा, मास्तरची किंमत तेवढीच भरते.